मलरला मराठी येत नाही

सुरुवातीलाच सांगते. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. या सदरातले अनुभव मी ऑफिसच्या बसमध्ये टाइमपास म्हणून वाचायचे. पैंजणांचा आवाज, ओसाड विहीर, मागे वळून पाहू नकोस... मला हसूच यायचं. मी मूळची सांगलीची. गेली बरीच वर्षं चेन्नईत आहे, पेरुंगुडीला एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. समोरचा "आपोआप झालं" म्हणाला की त्याच्याकडे संशयाने बघायचं, याचाच मला पगार मिळतो. आणि आता मीच हे लिहायला बसलेय.

आणखी एक. ज्यांना खाली कमेंटमध्ये शांती, होम, अमुक पोथीचं पारायण वगैरे सुचवायचं असेल त्यांनी कृपया तसदी घेऊ नये. माझ्या मैत्रिणीने आत्महत्या केली. मी तो शब्द पूर्ण लिहिणार आहे. "गेली", "तसं झालं", "ते प्रकरण" असलं काही लिहिणार नाही. कशी केली ते मात्र लिहिणार नाही, कारण ते कुणाच्याच कामाचं नाही.

तिचं नाव सुगुणा. मी चेन्नईत नवी असताना वेलाचेरीच्या ट्रेनमध्ये आईशी फोनवर बोलत होते – घरचंच, भाजी काय केलीस, बाबांचा खोकला कसा आहे. समोरची एक बुटकी मुलगी टक लावून बघत होती. फोन ठेवल्या ठेवल्या तिने विचारलं, "तुम्ही कोणत्या ऊरचं?" ऊर म्हणजे तमिळमध्ये गाव. ती तंजावरच्या मराठी घरातली होती. कधीकाळी राजांबरोबर तिकडे जाऊन राहिलेल्या लोकांपैकी. तिची मराठी ऐकून मला भोवळच आली. "सगळे"ला ती "अस्के" म्हणायची, "का" विचारायचं तर "कसाला", आणि वर तमिळचा हेल. मी हसले. ती अजिबात ओशाळली नाही.

"हसू नको," ती म्हणाली. "तुमची मराठी बदलली. माझी होती तशी आहे."

त्याच दिवशी मैत्री झाली.

सुगुणा अड्यारच्या एका शाळेत गणित शिकवायची. आमची तिसरी मैत्रीण मलर. ती फिजिओथेरपिस्ट आहे, तिरुवान्मियूरला राहते, खाली क्लिनिक आणि वर ती आणि तिचे म्हातारे वडील. सुगुणाचा खांदा धरला होता, तो सोडवायला ती मलरकडे गेली आणि खांदा सुटला तरी जातच राहिली. मलर अस्सल तमिळ. मराठीचा तिला गंधही नाही. सुगुणा तिच्याशी तमिळमध्ये बोलायची, मी इंग्रजीत आणि माझ्या मोडक्या तमिळमध्ये. हे नीट वाचा, कारण पुढे सगळं यावरच आहे.

दर शनिवारी सकाळी आम्ही तिघी तिरुवान्मियूरच्या बीचवर चालायचो, मग पोंगल-वडा खायचो आणि ऑटो करून अड्यारला जायचो. तिथून सुगुणा मैलापूरला तिच्या घरी जायची. ऑटोत ती मध्ये बसायची. वळण आलं की मुद्दाम सगळं अंग माझ्यावर टाकायची आणि मी कोपराने ढकलून म्हणायचे, "सरक की."

ती आजारी होती. डिप्रेशन. आम्हाला माहीत होतं, तिच्या आईला माहीत होतं, डॉक्टर होते, गोळ्या होत्या. मध्यंतरी खूप बरी होती. मग एका ऑगस्टमध्ये तिने आत्महत्या केली.

मैलापूरला तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर तिचे काका राहतात. आम्ही पोचलो तेव्हा ते दारातच उभे होते. हलक्या आवाजात त्यांनी आम्हाला बजावलं की कुणी विचारलं तर हार्ट अटॅक सांगायचं. सोसायटीत तेच सांगितलं होतं, शाळेतही तेच. दहाव्या-बाराव्याला कुणा गुरुजींनी त्यांच्या डोक्यात भरवलं की अशा मरणाने गेलेल्या मुलीचा फोटो भिंतीवर ठेवू नये, ती घराला धरून राहते. फोटो उतरला. एका देवळात जाऊन तिला "बांधून" घ्यावं असंही चाललं होतं. बांधून! जी मुलगी वर्गात एका जागी दोन मिनिटं उभी राहत नव्हती तिला.

सुगुणाच्या आईला मी मामी म्हणते. चेन्नईत वयाने मोठ्या बायकांना तसंच म्हणतात. मामींचा आवाज म्हणजे... त्या गच्चीवरून भाजीवाल्याला हाक मारायच्या ती त्याला गल्लीच्या तोंडाशी ऐकू जायची. त्या मामी आता कुजबुजायला लागल्या. "ये." "बस." "कॉफी घे." सगळं कुजबुजत, जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय. नंतर काकांनी मला सौम्यपणे सुचवलं की फार येत जाऊ नको, लोक विचारतात.

ऑफिसातही लोकांनी विचारलंच. एका सहकाऱ्याने कॉफी मशीनपाशी आवाज खाली करून विचारलं, लव्ह फेल्युअर होतं का? मी मोठ्याने म्हटलं, "आजार होता. तुझ्या वडिलांना डायबेटिस झाला तेव्हा कुणी विचारलं का, त्यांचं कुणावर प्रेम होतं म्हणून?" सगळा मजला वळून बघायला लागला. बघू दे.

पण खरी पडझड आमच्या दोघींत झाली. सुगुणाच्या आत्महत्येनंतर मलर एकदा फोनवर मला म्हणाली, तू तिच्याशी आदल्या दिवशी बोललीस, तुला काहीच कळलं नाही? मी उलट म्हटलं, मेडिकलवाली तू आहेस, तुला कळलं? त्यानंतर आम्ही बोलणं बंद केलं. शनिवार बंद. त्या बीचवर मी पाऊल ठेवलं नाही. रोज डोक्यात तीच टेप – तेव्हा असं म्हणायला हवं होतं, तेव्हा घरी थांबवून घ्यायला हवं होतं. माणूस आत्महत्या करतो तेव्हा मागे राहिलेल्यांना तो दुःखच देऊन जात नाही, एक खटला देऊन जातो, आणि त्यात आपणच आरोपी, आपणच वकील. मी तिच्यावरही चिडले होते. अजूनही कधीकधी चिडते. मला त्याची लाज वाटत नाही.

मार्गळी महिना लागला. म्हणजे आपला मार्गशीर्षाच्या आसपासचा, चेन्नईतला त्यातल्या त्यात थंड महिना. एका शनिवारी सकाळी मलरचा फोन आला. इतक्या महिन्यांनी. आवाज सपाट. क्लिनिक बंद ठेवलंय, म्हणाली. झोप लागत नाही. आणि मग म्हणाली, मी फार दमलेय, मलाही आता नको झालंय सगळं.

मी सरळ विचारलं, "मलर, तू मरायचा विचार करतेयस का?"

असं विचारू नये, त्याने डोक्यात नको ते भरतं, असं आपल्याकडे सांगतात. साफ खोटं आहे. ती रडायला लागली आणि हो म्हणाली, कधीकधी. मी तिला सांगितलं, फोन ठेवू नकोस, वडिलांच्या शेजारी जाऊन बस, मी निघाले. पेरुंगुडीहून तिरुवान्मियूरपर्यंत मी फोन चालू ठेवला. वाटेतच दुसऱ्या फोनवरून अड्यारमधल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. माझ्या डोक्यात एकच होतं. एक दिली, दुसरी देणार नाही. कुणाला उद्देशून ते माहीत नाही, पण पूर्ण रस्ताभर मी तेच म्हणत होते.

तर आता तो प्रसंग. लख्ख ऊन होतं, दुपार व्हायची होती. डॉक्टरांकडे जायला आम्ही मलरच्या घरापासून ऑटो केला. मी डावीकडे, मलर उजवीकडे. दोघींच्या मध्ये जागा सोडलेली. मुद्दाम नाही, सवयीने. कुणी काही बोलत नव्हतं. ड्रायव्हरचा रेडिओ नव्हता. अड्यारच्या अलीकडे ऑटो वळला...

आणि माझ्या उजव्या खांद्यावर कुणीतरी अंग टाकलं.

भास, वाऱ्याची झुळूक, असलं काही नाही. वजन. कॉटनच्या कुर्त्याआडचा उबदार दंड आणि माणसाचं वजन. मला भीती वाटली नाही, कारण कळायच्या आतच मी नेहमीसारखं कोपराने ढकललं आणि मराठीत म्हटलं, "सरक की." कोपर कुठेच लागलं नाही. मध्ये रिकामी रेक्झिनची सीट होती.

मी मलरकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"त्याच्या आधी काय म्हणालीस?" तिने विचारलं.

मी म्हटलं, मी फक्त सरक म्हटलं. ती म्हणाली, ते नाही, त्याच्या आधी, माझ्या कानाशी. मी म्हटलं, मी बोललेच नाही. मलरचा चेहरा उतरला. ती म्हणाली, तुमच्या भाषेत होतं, मला फक्त अम्मा हा शब्द कळला. मी म्हटलं, जसं ऐकलंस तसं म्हण. तिने डोळे मिटले आणि शाळेतल्या मुलाने न कळणारा श्लोक म्हणावा तसं म्हटलं,

"अम्मास गडूम बोल म्हणून सांग."

अम्माला सांग, गडूम बोल म्हणून. हे "म्हणून" शेपटीला लावायची लकब सुगुणाची. "अम्मास" तिचं. पण गडूम? मी मलरला विचारलं, हा तमिळ शब्द आहे का? ती म्हणाली, नाही, मला वाटलं मराठी आहे. मी म्हटलं, मराठी नाही. त्या भर उन्हात अड्यारच्या सिग्नलला दोघी एकमेकींच्या भाषेवर शब्द ढकलत बसलो होतो. आवाज कसा होता, असं मी विचारलंच नाही. तिनेही सांगितलं नाही. दोघींना माहीत होतं.

आधी डॉक्टर. हे मी मुद्दाम लिहितेय. ऑटो वळवून देवळात किंवा मैलापूरला गेलो नाही, ठरलेल्या वेळेला डॉक्टरांच्या पायऱ्या चढलो. मलर आत बराच वेळ होती. तिने बाईंना ऑटोतलंही सांगितलं. बाई हसल्या नाहीत, घाबरल्याही नाहीत. जवळचं माणूस गेल्यावर त्याचा आवाज ऐकू येणं, स्पर्श जाणवणं पुष्कळांना होतं, त्याचा अर्थ वेड लागणं नव्हे, असं त्यांनी समजावलं. औषध दिलं, पुढची वेळ दिली, मला काही दिवस तिच्या घरी राहायला सांगितलं. मला बाईंचं म्हणणं पटलं. अजूनही पटतं. फक्त त्या एका शब्दाचं काय करायचं ते त्यांनाही सांगता आलं नाही.

बाहेर आल्यावर मलर म्हणाली, मामींकडे जाऊ. महिनोन्‌महिन्यांत ती स्वतःहून काही करू म्हणाली होती. निघालो.

काका खालीच बसले होते, कशाला आलात असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी मामींना भेटायचंय म्हटलं आणि आम्ही दोघी आत गेलो. मामी कुजबुजत "ये" म्हणाल्या, कॉफी करायला लागल्या. मी त्यांना ऑटोचं काहीही सांगितलं नाही. सहज विचारावं तसं विचारलं, मामी, गडूम म्हणजे काय हो?

मामींचा हात थांबला. दूध उतू गेलं तरी त्यांनी गॅस बंद केला नाही, तो मी केला.

"हे तुज कोण सांगितलं?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, आधी अर्थ सांगा. मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक. सुगुणा अगदी लहान होती तेव्हा घरी सारखी वीज जायची. ती इकडे हॉलमध्ये, मामी स्वयंपाकघरात. अंधाराची तिला भयंकर भीती. ती तिथूनच ओरडायची, अम्मा, गडूम बोल! गडूम म्हणजे ढगाचा आवाज. ढगासारखं मोठ्याने बोल, म्हणजे तू आहेस हे मला कळेल. मग मामी जे हातात असेल ते ओरडून सांगायच्या – मी चिंच भिजवते, मी डाळ घोटते – वीज येईपर्यंत. शाळेत गेल्यावर ते सगळं सुटलं. हा शब्द तिच्या अप्पांना, म्हणजे वडिलांना माहीत होता आणि मामींना. अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. काका तेव्हा दिल्लीला नोकरीत होते.

मी मलरला अजून अर्थ सांगितला नव्हता. आम्ही काय बोलतोय ते तिला कळणंही शक्य नव्हतं. पण ती पुढे आली, मामींसमोर जमिनीवर बसली आणि तिने ते वाक्य म्हटलं. तसंच. अम्मास गडूम बोल म्हणून सांग.

मामींनी ते पूर्ण ऐकलं. मग त्या रडल्या. कुजबुजत नाही. पोटातून, मोकळ्या आवाजात, ज्या आवाजात त्यांनी आपल्या मुलीसाठी रडायला हवं होतं आणि ज्या आवाजाला ऑगस्टपासून बंदी होती. काका धावत दारात आले. हळू, वहिनी, म्हणाले, जिन्यात आवाज जातोय.

"जाऊ दे," मामी म्हणाल्या. मग उठून त्या दारापर्यंत गेल्या, जिन्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "माझी लेक हार्ट अटॅकनं गेली नाही. तिज आजार होता. ती आत्महत्या केली. अस्क्यांस ऐकू दे."

नंतर तेच तमिळमध्ये म्हटलं, म्हणजे खरंच अस्क्यांना कळावं.

मला वाटलं आता काका संतापतील. ते खुर्चीत बसले. काकांना वाईट माणूस समजू नका. लहानपणी सुट्टीत आले की सुगुणाला खांद्यावर बसवून बीचवर नेणारे तेच. त्यांनाही कुणीतरी सांगितलं होतं की गप्प बसणं म्हणजे अब्रू राखणं, आणि ते इमानाने गप्प बसले होते, एकटेच. थोड्या वेळाने मामींनी त्यांना नाव घेऊन सांगितलं, फोटो आण. ते उठले, वर जाऊन स्वतःच्या कपाटातून फोटो आणला, धोतराच्या सोग्याने काच पुसली आणि खिळ्याला लावला. वाकडा लागला. मलरने सरळ केला.

ऑटोतलं सगळं आम्ही मामींना मग सांगितलं. संध्याकाळी समोरच्या दारातली बाई आली. एरवी तोंडदेखलं बोलणारी. मामींच्या शेजारी बसून तिने त्यांचा हात हातात घेतला आणि तिच्या धाकट्या भावाबद्दल सांगितलं. त्यानेही आत्महत्या केली होती, ती कॉलेजात असताना. इतक्या वर्षांत ते तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

आता तुमच्या शंका. त्या सगळ्या माझ्या स्वतःच्याही आहेत. ऑटो वळला म्हणून अंगावर भार आल्यासारखं वाटलं असेल? असेल. पण वळण ज्या बाजूला होतं त्याने मी मलरकडे झुकायला हवं होतं, माझ्यावर कुणी नाही. मलरची झोप उडाली होती, तिला भास झाला असेल? असेल. सुगुणाने कधीतरी खांद्याचे व्यायाम करताना तिला तो शब्द सांगितला असेल आणि मलर विसरली असेल? मी हे मलरला पुन्हा पुन्हा विचारलं. ती नाही म्हणते. पण विसरलेल्या गोष्टीबद्दल माणूस नाहीच म्हणणार. बरं, मग मला जाणवलेलं वजन आणि तिने ऐकलेलं वाक्य एकाच वळणावर कसं? यापुढे माझं टेस्टिंग थांबतं. बग सापडला नाही, आणि तो परत घडतही नाही. आम्ही त्याच रस्त्याने त्यानंतर कितीदा तरी ऑटोने गेलो. मधली जागा रिकामीच राहिली.

आणि कृपा करून मला असं सांगू नका की तिचा आत्मा अडकलाय, किंवा आता सुटला. ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. माझ्या मैत्रिणीला मी भूत होऊ देणार नाही. ती गणिताची शिक्षिका होती, तिला आजार होता, ती हसायची, चिडायची, दुसऱ्याच्या ताटातला वडा उचलायची. ती असायला हवी होती. कुठल्याही आवाजाने ते भरून येत नाही.

मलर अजून डॉक्टरांकडे जाते. क्लिनिक उघडलंय. काही दिवस बरे असतात, काही नसतात, आणि नसले की ती आता सांगते. शनिवारी आम्ही पुन्हा चालायला लागलोय, मामी येतात, पण त्यांना वाळूत चालवत नाही म्हणून त्या कट्ट्यावर बसतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांवर टीका करतात.

गेल्या महिन्यात सुगुणाच्या शाळेने पालकांची एक सभा ठेवली, मुलांच्या मनाच्या आजारांबद्दल. मामींनी स्वतः मुख्याध्यापिकांना फोन करून सांगितलं होतं की मी बोलणार. मी आणि मलर मागे बसलो होतो. आयुष्यात कधी सभेत न बोललेल्या मामी स्टेजवर गेल्या. कुणीतरी माइक पुढे केला, त्यांनी तो बाजूला सारला. मग सगळं सांगितलं, लाजेने खोटं बोललेले महिनेसुद्धा.

शेवटी एका आईने उठून विचारलं, हे असं चारचौघांत बोलायचं बळ तुम्हाला कुठून आलं?

मामींनी आमच्याकडे पाहिलं. खरं उत्तर द्यायचं तर अड्यारच्या अलीकडचं ते वळण सांगावं लागलं असतं, आणि त्याचं काय ते उत्तर आम्हा तिघींपैकी एकीकडेही नाही.

"ते मला माहीत नाही," मामी तमिळमध्ये म्हणाल्या. "पुढचा प्रश्न विचारा."